चारशे ऐंशीतले बत्तीस

५ जानेवारी, रविवार

खोक्यावर ४८०. आत ३२!

कपाट आवरताना धवलनं दिवाळीत आणलेल्या डिस्कचं रिकामं खोकं हाती लागलं. टाकणारच होते. म्हटलं, वाचून तरी टाकावं. ४८० जीबी, चांगलं ठळक छापलेलं. मग कॉम्प्युटरवर जाऊन पाहिलं. कुठं किती जागा, किती भरली, हे दाखवणारं एक पान आहे, ते उघडायला धवलनंच शिकवलंय. तिथं लिहिलंय – कॅशे, ३२. बाकीची जागा कुठं गेली? उंदरांनी खाल्ली?

नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढं कुणी मला वेड्यात काढायला नको. हा कॉम्प्युटर आमच्या वधू-वर केंद्राचा. आष्ट्यात आणि आसपासच्या जैन घरांत लग्नाचं मूल असलं की त्याचा बायोडाटा, पत्रिका, फोटो माझ्याकडे येतात. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी हेच करते. फोटो इतके साठले की एक स्थळ उघडेपर्यंत पाहुण्यांचा चहा संपायचा. तेव्हा धवल म्हणाला, मोठी डिस्क जुनी आणि संथ आहे, तिच्यापुढं एक वेगवान डिस्क बसवू. जे फोटो सारखे लागतात त्यांची प्रत तिच्यात हाताशी राहील. तिलाच कॅशे म्हणायचं. बसवली. कॉम्प्युटर पळायला लागला, हे कबूल करते. उगाच कुणाचं श्रेय खाणारी मी नव्हे.

पण तीस वर्षं परीक्षेच्या वर्गात पहारा दिलाय. पोराच्या बाहीत काय दडलंय ते मी त्याच्या मानेवरून ओळखते. आणि आता आठवतंय, डिस्क बसवताना धवल माझ्याकडे बघत नव्हता!

६ जानेवारी, सोमवार

धवलला फोन केला. माझ्या नणंदेचा हा मुलगा. ती गेली तेव्हा सातवीत होता, तेव्हापासून आमच्याकडेच वाढला. माझ्या लेकीला, ब्राह्मीला, आणि त्याला मी एका ताटात जेवू घातलंय. आता कराडला एका कॉलेजात कॉम्प्युटरचं काम बघतो, तिथंच खोली घेऊन राहतो.

सरळ विचारलं. डिस्क ४८० ची, मग ३२ च का?

“मामी, तेवढीच पुरं हाय. जास्ती दिली तर मशीन दमंल.”

“जागा जास्त दिल्यावर दमेल? गोठा मोठा बांधला म्हणून म्हैस आटते का रे?”

“आल्यावर सांगतो, मामी. आत्ता प्रॅक्टिकल हाय.” आणि ठेवला फोन!

उत्तर येत नसलं की पोरं म्हणायची, बाई, पाणी पिऊन येऊ? त्यातलाच प्रकार.

हे म्हणाले, “अगं, त्याला कळतंय त्यातलं. तू कशाला डोकं घालतीस?” यांना सगळं जग भलं दिसतं. बाजारातून नारळसुद्धा न वाजवता आणतात.

८ जानेवारी, बुधवार

दुपारी केंद्र बंद. खोलीत कुणी नाही. आणि कॉम्प्युटरचा लाल दिवा लुकलुक, लुकलुक! कुणासाठी चाललंय हे?

११ जानेवारी, शनिवार

जयसिंगपूरच्यांचा निरोप आला. ‘पत्रिका जमत नाही.’

या वाक्याचा अर्थ आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. मुलगी नको, पण तुमचा मान राहू दे. मी स्वतः हे वाक्य कितीतरी घरांतून कितीतरी घरांत पोचवलंय. पण ही पत्रिका मी जुळवली होती, दोनदा तपासून! आणि हे तिसऱ्यांदा. ब्राह्मीसाठी काढलेलं तिसरं स्थळ.

पोर सत्ताविसाची झाली. कराडला बँकेत आहे, दिसायला चांगली, स्वभावानं माझ्यासारखी नाही. आणि तिला नकार! परवा मंदिरात एकजण म्हणाली, “बाई, सगळ्यांच्या पोरींची जमवताय, तुमच्या ब्राह्मीचं कवा?” हसत म्हणाली. मीही हसले. घरी येऊन जेवण गेलं नाही.

बरं, नकार तर नकार. पण पहिल्या मुलाचा साखरपुडा झाला तो सांगलीच्या सोनियाच्या ग्रुपमधल्या मुलीशी. दुसऱ्याचा बायोडाटाही तिच्याच ग्रुपवर फिरतोय. ही सोनिया फोनवर लग्नं जुळवते, चार वर्षांत माझी निम्मी घरं तिच्याकडं गेली. तिला कसं कळतं मी कुठला मुलगा काढलाय ते? मी तर कुणापाशी बोलत नाही. स्थळ निवडलं की ब्राह्मीला फोनवर पाठवते, ती म्हणते ‘बरं आई’, झालं. बाकी सगळं या कॉम्प्युटरात. आणि कराडला बसून या कॉम्प्युटरात शिरता येतं ते एकालाच.

लिहिताना पेन थांबलं. नको, धवल नको. दुसरा कुणीही निघू दे.

१२ जानेवारी, रविवार

धवल आणि ब्राह्मी, दोघंही आली होती कराडहून, एकाच एसटीनं. जेवणं झाली आणि धवलला कॉम्प्युटरपुढं बसवलं. म्हटलं, सांग आता.

माझं माहेर सांगलीचं, हळदीचे व्यापारी, हे त्याला ठाऊक. म्हणाला, “मामी, हरिपूरची पेवं आठवा. जमिनीत खड्डा, त्यात हळद. पेवात माल मावतोय तेवढा मावतोय. पण कुणाची हळद कुठल्या पेवात, हे दिवाणजीच्या डोक्यात पायजे का नको?”

“पाहिजे.”

“मग पेवं वाढवत गेला आणि दिवाणजी त्योच ठेवला, तर त्याचं डोकं नुसत्या यादीनंच भरंल. दारातल्या पोत्याचाबी पत्ता लागणार न्हाई. ह्या मशीनची मेमरी म्हंजे दिवाणजी. चारच जीबी हाय, आणि बोर्ड जुना, वाढवून घेत न्हाई. कॅशेत जे जे ठेवाल, त्याची नोंद मेमरीत ऱ्हाती. म्हणून बत्तीस. बाकीची जागा मोकळी सोडलीया.”

ऐकायला गोड. पटलंही थोडं. पण मग चारशे ऐंशीची आणली कशाला? तर म्हणे दुकानात त्याहून लहान शिल्लक नव्हती. असेल. नसेलही.

तेवढ्यात त्याला फोन आला आणि तो परसात गेला. इथं बोलायला काय झालं होतं? मी खिडकीशी उभी राहिले. लिंबाआडून एवढंच ऐकू आलं – “न्हाई, तिला अजून काय कळलं न्हाई... मी न्हाई बोलणार, तू काळजी करू नको.”

तिला! म्हणजे मला. ब्राह्मीला विचारलं, कुणाचा फोन असेल? ती म्हणाली, “मला काय म्हाईत आई, असंल कुणीतरी मित्र.” बिचारीला कशाचा पत्ता नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. धवलनं फोनवर तिळगुळाचं चित्र पाठवलं. गोड बोला म्हणे!

१६ जानेवारी, गुरुवार

सांगलीला जाऊन आले आणि एका दुकानातून माणूस ठरवून आणला. तानाजी नाव. यांना सांगितलं, कॉम्प्युटरचा पंखा वाजतोय. तसा वाजतोही.

तानाजीनं दोन मिनिटांत सांगितलं, “बाई, बाकीची डिस्क मोकळीच हाय की. कोणच वापरत न्हाई.”

“काहीच नाही तिच्यात?”

“काय न्हाई. कोरी.”

कोरी! चोरी करून कुणी पाट्या लावून ठेवतं का? रविवारी मी विचारलं, गुरुवारी जागा कोरी. कधी पुसली असेल?

तानाजी म्हणाला, एवढी महागाची डिस्क आणि वापर टीचभर, हे बरोबर नाही. मी म्हटलं, तेच म्हणतेय मी! “मग पुरी लावून देतो. मोठं घेतलंय तर मोठंच चालवा.” लावली पुरी चारशे ऐंशी. शिवाय मी म्हटलं, माझा एकेक फोटो, एकेक पत्रिका रोज जागेवर आहे की नाही, कुणी हात लावलाय का, हे तपासणारं काही घालता येईल? येईल म्हणाला. रोज दुपारी सगळी डिस्क वाचून काढेल असं काहीतरी घातलं. आता बघू कोण शिरतंय.

१७ जानेवारी, शुक्रवार

वाऱ्यासारखा पळतोय!! एका बोटात फोटो. दमतोय म्हणे. दमलेलं मशीन असं असतं?

१९ जानेवारी, रविवार

आज झालं ते लिहायची इच्छा नाही. पण लिहिते.

धवल आला, कॉम्प्युटर उघडला आणि त्याचा चेहरा पडला. “मामी, हे कुणी केलं?”

“मी करवून घेतलं. ४८० चे ४८०. चालतोय बघ कसा.”

“आत्ता चालंल. कॅशे अजून भरली न्हाई. भरंल तशी मेमरी खाईल. आठ दिवस थांबा, मग बघा. त्यात ही रोजची तपासणी घातलीया, लगीच भरंल.”

“की तपासणी घातलीय म्हणून तुझं अडलंय?”

मग माझ्या तोंडाला खीळ राहिली नाही. विचारलं, माझी स्थळं सोनियाला कोण देतं? ब्राह्मीची तीन ठिकाणं कुणामुळं मोडली? परसात जाऊन कुणाशी बोलत होतास, तिला अजून कळलं नाही म्हणून? मला सगळं कळलंय! ज्या ताटात जेवलास त्यातच...

तो ओसरीवर उभा, एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. नाही म्हण, ओरड, काहीतरी कर! मान खाली घालून उभा. आणि मी चोर म्हटलं त्याला. मोठ्यानं म्हटलं.

हे सामायिकाला, रोजच्या ध्यानाला बसले होते, कधी मधेच उठत नाहीत. आज उठले. “चंपा, पुरं!” म्हणाले. लग्नाला एवढी वर्षं झाली, असा आवाज मी ऐकला नव्हता.

धवलनं शाळेपासून त्याच्याजवळ असलेली घराची किल्ली खिशातून काढली, कट्ट्यावर ठेवली. “येतो मामा,” म्हणाला. मला काही नाही. न जेवता गेला. ब्राह्मी डोकं दुखतंय म्हणून आतल्या खोलीत पडून होती. तीही जेवली नाही. संध्याकाळच्या गाडीनं गेली.

मी चुकले नाही. पण घर कसं बंद पडल्यासारखं वाटतंय.

२२ जानेवारी, बुधवार

कॉम्प्युटर जरा जड झालाय. थंडीनं असेल.

२४ जानेवारी, शुक्रवार

थंडी नव्हे. आता एक फोटो उघडायला चुळबुळ करतो, मधेच थिजतो. कळलं मला! कराडला बसून सूड चाललाय. आठ दिवस थांबा म्हणाला होता ना? धमकी होती ती! इंटरनेटची वायरच उपटून ठेवली. ये म्हणावं आता.

२५ जानेवारी, शनिवार

वायर काढूनही कालच्यापेक्षा संथ. म्हणजे जाताना आत काहीतरी पेरून गेलाय.

हे म्हणाले, “मंजे आता वायर न्हाई, माणूस न्हाई, तरी त्योच चोर?” मी म्हटलं, तुम्ही भाजी निवडा.

२६ जानेवारी, रविवार

शिरोळहून माणसं आली होती. आई, वडील, मुलगी आणि मुलीची आजी. मुलगी पहिल्यांदाच स्थळं बघायला बसलेली, हातरुमाल पिळत होती. मी म्हटलं, एक चांगला मुलगा दाखवते, इंजिनिअर. फोटो उघडायला सांगितला. कपाळ आलं. भुवया आल्या. आणि पुढं काही येईचना! आम्ही सगळे त्या कपाळाकडं बघत बसलो. शेवटी आजी म्हणाली, “आवं बाई, खालचं कवा येणार? पोराला नाक हाय न्हवं?” मुलगी फिसकन हसली. वडील घड्याळ बघून उठले. दिवस मावळायच्या आत घर गाठून जेवायचं होतं त्यांना. जाताना आईनं विचारलं, “सांगलीत कोण सोनियाताई हायत, त्यांचा नंबर असंल का तुमच्याकडं?”

माझ्याकडं! मला!

ब्राह्मी या रविवारी आली नाही. बँकेत काम आहे म्हणाली. रविवारी?

२७ जानेवारी, सोमवार

रात्रभर एकच डोक्यात, तानाजीनंच मेमरी काढून नेली की काय? सकाळी यांना बॅटरी धरायला लावून डबा उघडला. मेमरीची पट्टी जागच्या जागी. धुळीशिवाय काही सापडलं नाही.

बंद करून पुन्हा चालू केला. तोच पाढा.

२९ जानेवारी, बुधवार

तानाजीला बोलावलं. आल्याआल्या म्हणतो, “नवीन मशीनच घ्या, बाई.” मी म्हटलं, बस. आधी मला मेमरी दाखव.

दाखवली. एकही फोटो उघडा नाही, एकही पान नाही, आणि मेमरी काठोकाठ भरलेली! म्हटलं, कोण बसलंय आत?

“कोण न्हाई. कॅशेचीच यादी हाय ती.”

“कसली यादी?”

“मंजे... कॅशेत काय काय, कुठं कुठं ठेवलंय, त्याची. लय बारीक बारीक फायली हैत ना तुमच्या. जेवढ्या फायली तेवढ्या नोंदी. रोजच्या तपासणीत समद्या वाचल्या गेल्या, समद्या कॅशेत जाऊन बसल्या.”

म्हणजे मी रोज तपास करवत होते आणि तपासानंच...

तानाजीला म्हटलं, कॅशे निम्मी कर. केली. मेमरी जराशी मोकळी झाली. त्याच्याही निम्मी कर. आणखी मोकळी. फोटो हलायला लागले. पुन्हा निम्मी. करत करत बत्तिसावर आलो आणि शिरोळकरांना दाखवायचा तो इंजिनिअर कपाळापासून हनुवटीपर्यंत एका दमात उघडला. चांगलं नाक आहे पोराला.

माझा स्वभाव जाईना. म्हटलं, आणखी कमी कर, आठ कर. केली. मेमरी ऐसपैस झाली, पण रोज लागणारे फोटोही पुन्हा रांगत यायला लागले. हाताशी काही उरलंच नाही ना! पुन्हा बत्तीस. मशीन शहाण्यासारखं वागायला लागलं. तपासणीही काढून टाकली.

धवलनं दिवाळीत हेच केलं असणार. जास्त करून बघितली, कमी करून बघितली आणि या म्हाताऱ्या मशीनला झेपेल तिथं थांबला. मला वाटलं, माप मारतोय.

तानाजीला विचारलं, तुला ठाऊक नव्हतं हे? म्हणाला, “ठाव होतं, पण गिऱ्हाईकाला पुरा माल वापरलेला दिसला पायजे. न्हाईतर म्हणत्यात आमी चोरला.”

त्याला चहा दिला. दोन वेळा दिला.

३० जानेवारी, गुरुवार

कराडला गेले. गुळपोळ्या करून नेल्या, किल्ली बरोबर घेतली. धवल कॉलेजच्या दारात आला. वाळलाय. की मलाच तसं वाटलं?

म्हटलं, डिस्कचं माझं चुकलं. बत्तीसच बरोबर होतं. धवल, तू म्हणालास तसंच झालं सगळं.

“डिस्कचं सोडा, मामी. माझ्या मनात न्हाई ते.”

डबा घेतला. उघडला नाही. किल्ली पुढं केली तर म्हणाला, “असू दे तुमच्यापाशीच.” तिथंच बसून रडावंसं वाटलं मला. आजूबाजूला पोरं होती म्हणून आवरलं.

तरी मी ती मीच! निघताना विचारलंच. मग सोनियाला कोण सांगतं रे? ब्राह्मीची स्थळं कोण मोडतंय?

त्याची मान पुन्हा खाली गेली. “ते मला इचारू नका, मामी. पाया पडतो तुमच्या.”

माहीत नसणारा माणूस म्हणतो, मला माहीत नाही. हा पाया पडतो. म्हणजे माहीत आहे! एसटीत सगळ्या वाटेनं तेच. डिस्क निर्दोष सुटली, पण माणूस? माफी मागितली ती अर्धीच लागू पडली. उरलेल्या अर्ध्याचं काय करू?

१ फेब्रुवारी, शनिवार

यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तू पहारा बरा देतीस चंपा. पण पहारा देणारा कायम पोरांकडंच तोंड करून असतो. पाठीमागं काय चाललंय ते त्याला दिसत न्हाई.”

यांना कधी नव्हे ते बोलायला सुचलं. अर्थ विचारला तर पेपर उघडून बसले.

५ फेब्रुवारी, बुधवार

सापळा लावायचा. शाळेत एकदा पेपर फुटत होता, तेव्हा मी खोटा प्रश्न घालून चोर धरला होता. तसंच.

खोटं स्थळ तयार केलं. मुलगा डॉक्टर, सांगलीत स्वतःचं घर, उंची चांगली, आईवडील देवभोळे, बहीण लग्न होऊन परदेशी. फोटो नाही म्हटलं, मागाहून देऊ. नाव काय ठेवलं ते इथंही लिहीत नाही. भिंतीला कान असतात. यांच्या नावावर नवं सिम घेतलं, जुन्या बटणांच्या फोनमध्ये घातलं, तोच नंबर बायोडाटावर. फोन देवघराच्या कोनाड्यात ठेवलाय. इंटरनेटची वायर पुन्हा जोडली.

या नंबरवर जो फोन करेल, तो माझा चोर. सोनिया असेल तर तिच्याच तोंडून वदवून घेते, तुला कुणी दिलं म्हणून. आणि धवलचं नाव आलं तर... आलं तर येऊ दे. एकदा काय ते कळू दे. रोज मरण्यापेक्षा बरं.

८ फेब्रुवारी, शनिवार

फोन गप्प.

१० फेब्रुवारी, सोमवार

गप्पच. एकदा वाजला, धावत गेले, तर सिम कंपनीची जाहिरात. कॉम्प्युटरात पडलेलं स्थळ पाच दिवसांत कुणी शिवलं नाही. मग धवल कशाला पाया पडत होता?

हे म्हणाले, “दर बारीला जे करतीस ते समदं केलंस का?” नाही केलं खरं. ब्राह्मीला पाठवायचं राहिलं. स्थळ काढलंय आणि तिला दाखवलं नाही, असं कधी होत नाही. नाटक करायचं तर पुरं करावं. पाठवलं. पोरीला फसवल्यासारखं वाटलं, पण चोर सापडला की सांगेन तिला, हसेल.

लगेच उत्तर आलं. ‘बरं आई.’

११ फेब्रुवारी, मंगळवार

फोन वाजला. उचलला, पण बोलले नाही. म्हटलं, सोनियाला आधी तोंड उघडू दे.

“नमस्कार. मी ब्राह्मी मगदूम, आष्ट्याची. आईनं तुमचं स्थळ दाखवलं मला. स्थळ चांगलं हाय, पण माझं ठरलंय. मुलगा उंब्रजचा, लष्करात हाय, आमच्यातला न्हाई, म्हणून घरी सांगायचा धीर होत न्हाई. तुमी आईला एवढंच कळवा, पत्रिका जमत न्हाई. तुमचं अडू नये म्हणून सांगलीच्या एका ताईंचा नंबर देते, त्या बघतील.”

उंब्रज, लष्कर, काही डोक्यात शिरलं नाही. एवढंच दिसलं – मी ओसरीवर चोर म्हणून ओरडत होते तेव्हा ही आतल्या खोलीत होती. दाराला कडी नव्हती.

“ब्राह्मी,” मी म्हटलं, “धवलला ठाऊक होतं?”

ती म्हणाली, “व्हय, आई. मीच शपथ घातली होती त्याला.”